वंशावळीचा भाव : ब्राझीलचा वळू आणि आपला बोकड

जनावरांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या आपल्या बांधवांना जनावर पारखण्याची नजर कोणी शिकवावी लागत नाही. दात पाहून वय, कमरेवर हात दाबून मांस आणि चार पावले चालवून पायाचा दोष सांगणारी माणसे आपल्या बिरादरीत आजही आहेत. परंतु ही नजर जनावर आज कसे आहे एवढेच सांगते. त्याच्या पोटी काय निपजेल हे नजरेला दिसत नाही. ते सांगण्यासाठी आईबापांची नोंद लागते आणि आपल्या बाजारात नेमकी तीच नसते. म्हणून कापायचे जनावर आणि पैदाशीचे जनावर आपल्याकडे जवळजवळ एकाच भावाने विकले जाते. हा तोटा किती मोठा आहे हे समजण्यासाठी एका दूरच्या देशाचा कारोबार पाहू. तेथे विकला जाणारा माल मुळात आपल्याच हिंदुस्थानातून गेलेला आहे.

तो देश म्हणजे ब्राझील. आज गोमांस निर्यातीत जगात पहिला क्रमांक ब्राझीलचा असून इजिप्त, सौदी अरेबिया व अमिरातीसारख्या देशांना तेथून हलाल माल जातो. तेथील गुरांची संख्या वीस कोटींच्या वर आहे आणि त्यांतील सुमारे ८० टक्के गुरे वशिंडाची, म्हणजे हिंदुस्थानी रक्ताची आहेत. त्यांत सर्वांत मोठी संख्या ‘नेलोर’ जातीची आहे. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यावरून हे नाव पडले असले तरी जात आपली ओंगोल. गुजरातचे कांकरेज तेथे ‘गुझेरा’ झाले आणि गीर मात्र गीरच राहिले.

ही जनावरे तेथे गेली ती कोणाच्या मोठ्या योजनेने नव्हे. ओंगोल गुरांची एक जोडी १८६८ साली इंग्लंडला निघालेल्या जहाजातून साल्वादोर बंदरात उतरली, असे तेथील पैदासकार सांगतात. पुढे १८९० नंतर मिनास जेराइस प्रांतातील उबेराबा गावचे लोक स्वतः हिंदुस्थानात येऊन गुरे खरेदी करू लागले. युरोपची गुरे ब्राझीलच्या उन्हात व गोचिडांत टिकत नव्हती. आपली टिकली, हलक्या गवतावर वाढली आणि न आजारता वासरे देऊ लागली. खरेदीदाराला आणखी काय हवे?

या व्यापारात एक धक्काही बसला. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बुळकांडी रोगाची साथ बेल्जियममध्ये पसरली. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्येही बुळकांडी निघाली व तेथे आयात बंद झाली. बेल्जियमच्या त्या साथीमुळेच १९२४ साली पॅरिसमध्ये २८ देशांनी जनावरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. (बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले.) आयातीला आळा बसल्यामुळे मात्र ब्राझीलच्या लोकांना हाती असलेल्या गुरांतूनच चांगली निवडण्याची सवय लागली. १९६० च्या सुमारास शेवटच्या मोठ्या खेपा गेल्या. त्यांतच ‘करवदी’ नावाचा ओंगोल वळू होता. गुरे देशात शिरण्यापूर्वी फर्नांदो द नोरोन्या या समुद्रातील बेटावर त्यांना वेगळे ठेवण्यात आले होते. आजच्या नामांकित नेलोर वळूंपैकी बहुतेकांच्या वंशावळीत कोठे ना कोठे करवदी सापडतो. इकडे त्याच्या मुलुखातील शेतकऱ्याला ट्रॅक्टर आल्यापासून बैल पोसणे जड झाले आहे!

आपल्या कृष्णाकाठचीही अशीच कथा आहे. सांगली-मिरजेपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या काळ्या रानात नांगराला चालणारी धिप्पाड ‘कृष्णा व्हॅली’ गुरे, गीर, कांकरेज व ओंगोल यांच्याबरोबर अमेरिकेच्या ब्राह्मण जातीच्या घडणीत गेली. त्या जातीची संघटना १९२४ साली स्थापन झाली व तिची नोंदवही आजही चालू आहे. आपल्याकडे मात्र कृष्णा व्हॅलीचे शुद्ध जनावर शोधत फिरावे लागते. माल आपला आणि वही त्यांची, एवढाच काय तो फरक.

वही म्हणजे काय

वंशावळीच्या जनावराचा सारा व्यवहार एका वहीवर उभा असतो. ब्राझीलमध्ये ही नोंद १९३८ पासून सरकारच्या मान्यतेने नियमित चालते आणि उबेराबाची झेबू पैदासकार संघटना ती ठेवते. वासरू जन्मले की मालकाने ठराविक मुदतीत कळवायचे. गाय कधी फळली, कोणत्या वळूने फळली, वासरू कोणत्या तारखेस झाले हे सर्व जुळावे लागते. गाभणकाळाचा हिशेब चुकला तर नोंद नाही. ही झाली जन्माची नोंद. जनावर मोठे झाल्यावर संघटनेचा तपासनीस गोठ्यावर येतो, जातीची लक्षणे व शरीराचे दोष पाहतो आणि पसंत पडले तरच पक्की नोंद करून खेकड्यासारख्या खुणेचा डाग देतो. बाप नामांकित असला म्हणून वेडावाकडा पाय माफ होत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची तीच. वासरांचे वजन साधारण दर तीन महिन्यांनी काट्यावर होते व ठराविक वयाला, जसे २१० दिवस, ३६५ दिवस, ४५० दिवस, किती भरले असते याचा हिशेब काढला जातो. एका गोठ्यातील, एकाच हंगामात जन्मलेल्या, एकच चारा खाल्लेल्या वासरांची तुलना आपसांत होते. दुसऱ्या गोठ्यातील पेंड खाऊन फुगलेल्या वासराशी नाही. अशा हजारो गोठ्यांचे आकडे एकत्र करून प्रत्येक वळूसाठी एक अंक काढतात : याची पोरे सरासरीपेक्षा इतके किलो जास्त किंवा कमी भरतील. खरेदीदार वळू पाहतो, पण त्याआधी हा अंक वाचतो.

प्रदर्शन कशासाठी

उबेराबा येथे १९३५ पासून झेबू गुरांचे मोठे प्रदर्शन भरते. एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मे महिन्यात संपते. आपल्याकडे खरसुंडीला खिल्लार किंवा नांदेडच्या माळेगाव यात्रेत लाल कंधारी व देवणी जनावरे नटवून आणतात, तसेच तेथेही दोरीला धरून, घासून-पुसून जनावरे रिंगणात फिरवतात. फरक असा की पंचाला निकाल दिल्यावर तो का दिला हे सर्वांसमक्ष सांगावे लागते. पाठ सरळ आहे का, पुठ्ठा रुंद व लांब आहे का, बरगड्या खोल आहेत का, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळ पडतो का, कातडी काळी व केस पांढरे आहेत का, बेंबीची पोळी फार लोंबत नाही ना (ती काट्याकुट्यात फाटते आणि वळू निकामी होतो), हे सर्व मोजले जाते. वळूच्या अंडकोषाचा घेर टेपने मोजतात, कारण घेर चांगला तर वीर्य जास्त आणि त्याच्या लेकी लवकर माजावर येतात असा अनुभव आहे. गायीची कास पाहतात, कारण मांसाच्या जातीतही वासरू आईच्याच दुधावर वाढते.

प्रदर्शनाचा मोह कसा घात करतो हेही तेथील लोकांनी भोगले आहे. गीर, गुझेरा व नेलोर यांच्या मिश्रणातून ‘इंडुब्रासिल’ नावाची जात तयार झाली होती. तिचे लांब लोंबते कान लोकांना फार आवडत. १९४० च्या सुमारास तिचे भाव आकाशाला भिडले, कर्ज काढून वळू घेतले गेले आणि १९४५ च्या आसपास सारा बाजार कोसळला. कानाने वजन वाढत नाही, हे कळायला अनेक घरांचे दिवाळे निघाले. आपल्याकडे जत-आटपाडी भागात माडग्याळी मेंढ्याच्या पोपटासारख्या बाकदार नाकाला जो भाव येतो, किंवा ईदुल अजहाच्या बाजारात अंगावर चंद्रकोर उमटलेल्या बोकडाला लाखांची मागणी येते, ती याच जातीची गोष्ट. ग्राहकाचा शौक आहे, व्यापाऱ्याने जरूर विकावे. पण तो भाव पाहून त्या बोकडाची पोरे पैदाशीसाठी चढ्या दराने घेऊ नयेत. चंद्रकोर काही वारसाहक्काने येत नाही.

विक्रीची पद्धत

आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो आणि शेजारच्यालाही भाव कळत नाही. ब्राझीलचा वंशावळीचा लिलाव उघड चालतो, दूरदर्शनवर दाखवला जातो आणि घरी बसलेला गिऱ्हाईक फोनवर बोली लावतो. गंमत म्हणजे बोली पूर्ण रकमेची नसून एका हप्त्याची असते. लिलावदार ‘एक हजार’ म्हणाला आणि हप्ते ३० असले तर सौदा तीस हजारांचा. वळू कामाला लागून त्याची वासरे विकली जाईपर्यंत पैसा फिरता राहतो, म्हणून लहान पैदासकारही चांगला वळू घेऊ शकतो.

दुसरा प्रकार भागीदारीचा. ‘व्हियाटिना-१९’ या नेलोर गायीचा केवळ एक-तृतीयांश हिस्सा २०२३ साली सुमारे ७० लाख रेआलला गेला. त्यावरून पूर्ण गायीची किंमत ४० लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपल्या सुमारे ३५ कोटी रुपयांच्या घरात धरली गेली आणि लिलावातील सर्वांत महाग गाय म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. तिचे वजन १,१०० किलोच्या आसपास, जातीच्या सरासरी गायीच्या दुप्पट. वाचक विचारतील, एवढ्या पैशाचे मांस कोण खाणार? कोणीच नाही. तिची स्त्रीबीजे काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करतात व ते साध्या गायींच्या पोटात वाढवतात. गायीला वर्षाला एक वासरू ऐवजी डझनांनी वासरे मिळतात. नामांकित वळूचे तर वीर्यच कांड्यांत भरून उणे १९६ अंश थंडीच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वळू मेल्यावरही विक्री चालू राहते.

हा धंदा मनोऱ्यासारखा आहे. टोकाला थोडे पैदासकार, त्यांच्याकडून वळू घेणारे मधले, आणि तळाशी हजारो साधे गोठे, ज्यांची वासरे कत्तलखान्यात जातात. तळाच्या गोठ्याला प्रत्येक जनावरामागे चार-पाच किलो जास्त मिळाले तरच टोकाच्या भावाला अर्थ. नाहीतर टोकाचे लोक एकमेकांनाच महागात विकत बसतात आणि १९४५ पुन्हा येते. एका गायीला ३५ कोटी हा भाव आम्हाला तरी त्या काठावरचाच वाटतो.

आपण काय घ्यावे

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर वळू व बैल यांच्याही कत्तलीला बंदी झाली. त्यानंतर आपले अनेक कुरैशी बांधव म्हशी व शेळ्या-बोकडांच्या व्यापारात आले. तेव्हा वरचा सारा धडा आपल्यासाठी वळूचा नसून बोकडाचा आहे. राज्याच्या चार शेळ्यांच्या जाती देशाच्या नोंदीत आहेत : उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. त्यांत उस्मानाबादी काळी, काटक आणि जुळी देणारी म्हणून सर्वत्र पसरलेली. पण बाजारात ‘अस्सल उस्मानाबादी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बोकडाच्या आईचा कान कसा होता, तिने जुळी दिली की एक, हे विकणाऱ्याला विचारा. बहुधा उत्तर मिळणार नाही. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याचा बोकड चार पैसे जास्त देऊन घेण्यासारखा आहे.

किती जास्त, याचा हिशेब करू. समजा एका कळपात एकाच हंगामात जन्मलेल्या, एकत्र चरलेल्या बोकडांचे वर्षाचे सरासरी वजन २८ किलो आहे आणि आपण निवडलेला ३४ किलोचा आहे. फरक ६ किलो. हा सगळा फरक रक्ताचा नसतो. काही आईच्या दुधाचा, काही नशिबाचा. वाढीच्या बाबतीत साधारण ३० टक्के रक्ताचा धरतात, म्हणजे १.८ किलो. त्यातला अर्धाच पोरांना बापाकडून येतो, अर्धा भाग आईचा. राहिले ०.९ किलो प्रत्येक करडामागे.

ऐकायला फारच थोडे वाटते. पण तो बोकड ३० शेळ्यांत दोन वर्षे ठेवला, दोन वर्षांत शेळी तीनदा व्याली आणि दर वेताला सरासरी दीड करडू धरले तर १३५ करडे झाली. मर व घरी ठेवलेल्या पाठी वजा जाता १०० विकली असे धरू. १०० करडांमागे ९० किलो जास्त. जिवंत वजनाचा भाव उदाहरणासाठी ४०० रुपये किलो धरला तर ३६,००० रुपये. शिवाय घरी राहिलेल्या पाठींच्या अंगात तो गुण पुढच्या पिढीसाठी राहिलाच. तेव्हा अशा बोकडासाठी साध्या बोकडापेक्षा दहा-पंधरा हजार जास्त देणे हा उधळेपणा नाही. मात्र लाख रुपये देणे हा शौक आहे. आणि कळपातील शेळ्या १० च असतील तर हाच हिशेब एक-तृतीयांशावर येतो, हे विसरू नये. लहान कळपवाल्यांनी तिघा-चौघांत मिळून एक बोकड घ्यावा. व्हियाटिनाचा हिस्सा विकत घेणारे काही आपल्यापेक्षा वेगळे करत नाहीत.

या हिशेबाचा पाया एकच : वजन खरे हवे आणि तुलना बरोबरीच्यांत हवी. ईदसाठी दूध, मका व शेंगदाणा पेंड घालून ६० किलोचा केलेला एकटा बोकड पैदाशीबद्दल काहीच सांगत नाही. उलट जुळ्यातला ३० किलोचा बोकड एकट्या जन्मलेल्या ३२ किलोच्या बोकडापेक्षा बहुधा चांगला, कारण त्याने आईचे दूध वाटून घेतले आणि जुळ्यांचा गुणही त्याच्या घराण्यात आहे. नजर येथे हमखास फसते, वही फसत नाही.

काटा नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराला घेराने गुणून मग लांबीने गुणावे व १०,८४० ने भागावे. घेर ७०, लांबी ६५ असेल तर सुमारे २९ किलो येतात. काट्याइतके बिनचूक नाही, पण ‘अंदाजे पस्तीस असेल’ यापेक्षा पुष्कळ बरे. चाऱ्यापाण्यापूर्वी सकाळी मोजावे, नाहीतर पोटातील पाणीही विकत घ्याल.

वही अगदी साधी पुरते. कानात बिल्ला (सरकारी पशुधन नोंदणीत १२ आकडी क्रमांकाचा बिल्ला मिळतो), बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक, जन्मतारीख, एकटा की जुळा, आणि जन्माला, तीन, सहा व बारा महिन्यांना वजन. लसीकरणाची तारीख, विशेषतः पीपीआरची. एवढ्यासाठी शंभर पानी वही आणि रोज दहा मिनिटे लागतात. घरातील शाळेत जाणारी मुले-मुली हे काम आपल्यापेक्षा नीट करतात.

एक धोका मात्र जरूर सांगितला पाहिजे. बोकड आवडला म्हणून चार-चार वर्षे तोच ठेवला तर तो स्वतःच्या लेकींना फळवतो. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या करडात रक्ताची जवळीक २५ टक्के होते. करडे लहान, मर जास्त, शेळ्या उलटणे हे त्यातून सुरू होते आणि दोष चाऱ्याला दिला जातो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा व पाठ वर्षाच्या आत माजावर येते, म्हणून दोन वर्षांनी बोकड बदलणे भाग आहे. शेजारच्या गावच्या वहीवाल्या कळपाशी अदलाबदल केली तर खर्चही येत नाही. ब्राझीललाही ही चिंता आहेच, कारण त्यांचे कोट्यवधी नेलोर मोजक्याच वळूंच्या पोटचे आहेत.

बाहेरचे रक्त आणण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३ साली गोठवलेल्या गर्भांद्वारे बोअर शेळी देशात आणली आणि जुळी देणाऱ्या ‘सुवर्णा’ मेंढीवर काम केले. बोअरचा संकर वजनाला चांगला भरतो, परंतु त्याला चारा व देखभाल लागते. उघड्या माळावर चारणाऱ्याने आधी उस्मानाबादीतच निवड करावी हे आमचे मत आहे.

विकताना काय करावे? पैदाशीचा बोकड ईदच्या गर्दीत नेऊ नये. तेथे दात व रूप पाहणारा ग्राहक असतो, वही वाचणारा नसतो. ईद होऊन महिना-दोन महिने गेले, पाऊस झाला, गोठेवाल्यांनी माल विकून हातात पैसा आला की तेव्हा गोठ्यावरच बोलवावे. बापाला व आईला दाखवावे, दोन-चार भावंडांनाही दाखवावे. चिठ्ठीवर बिल्ल्याचा क्रमांक, आईबाप, बारा महिन्यांचे वजन व त्याच वेळचे कळपाचे सरासरी वजन लिहून सही करून द्यावे. दोन महिन्यांत शेळ्या गाभण राहिल्या नाहीत तर बोकड बदलून देऊ, हेही त्यावरच लिहावे. पहिल्या वर्षी हा कागद पाहून लोक हसतील व साध्याच भावाने मागतील. अशा वेळी दोन बोकड त्या भावाने, पण चिठ्ठीसह द्यावेत आणि पुढच्या पावसाळ्यात त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याच्या करडांचे वजन आपल्या काट्यावर करून यावे.